बारावीनंतर काय? हा प्रश्न पाड्यानेच घ्यायला हवा



या उन्हाळ्यात आपल्या पाड्यांवर दोन कागद आले. पहिला दिल्लीहून निघाला. केंद्राच्या वन खात्याने ३ मे २००२ ला सगळ्या राज्यांना पत्र लिहिलं, की जंगल जमिनीवरची अतिक्रमणं ३० सप्टेंबरपर्यंत हटवा. दुसरा कागद आपल्याच पोरांनी घरी आणला, तो बारावीच्या मार्कांचा. पहिल्या कागदावर आपण मीटिंगा घेतल्या, पत्रक काढलं, वांद्र्याला जिल्हाधिकारी कचेरीवर जायचं ठरवलं. ते बरोबरच केलं. दुसऱ्या कागदावर मात्र एकही मीटिंग झाली नाही. पोरगं पास झालं, साखर वाटली, आणि "आता पुढचं तुझं तू बघ" म्हणून आपण मोकळे झालो.

आमचं म्हणणं असं आहे, की हे दोन कागद वेगळे नाहीत. दुसऱ्या कागदाचं काम संघटनेने अंगावर घेतलं नाही, तर पहिल्या कागदाची लढाई चालवायला दहा वर्षांनी आपल्याकडे माणूस उरणार नाही.

आधी आमचं सांगतो. हे लिहिणारे आम्ही सात-आठ जण आहोत, आरेतल्या आणि बोरिवलीच्या नॅशनल पार्कातल्या पाड्यांतले. कुणी वारली, कुणी कोकणा, कुणी मल्हार कोळी. सगळे बारावी पास. त्यातले चार जण पुढे कॉलेजात गेले आणि चारही जण पहिल्या-दुसऱ्या वर्षातून परत आले. बाहेरचे लोक म्हणतात, आदिवासी पोरांचं अभ्यासात मन लागत नाही. आम्ही एका रात्री बसून चौघांच्या गोष्टी नीट ऐकल्या. डोक्याचा किंवा मनाचा प्रश्न एकाचाही निघाला नाही. प्रत्येकाच्या गोष्टीत एक जागा अशी होती, की तिथे कुणी दोन वाक्यं समजावून सांगितली असती तर पोरगं टिकलं असतं.

पहिल्याला रेंजर व्हायचं होतं. झाड, पाला, जनावराचा माग, सगळं त्याला घरातूनच येतं. त्याने अकरावीला आर्ट्स घेतलं, कारण शेजारच्या दादाने तेच घेतलं होतं आणि सायन्सला खर्च फार येतो असं ऐकलं होतं. वनक्षेत्रपालाच्या परीक्षेला विज्ञानाची किंवा तशा शाखेची पदवी लागते, हे त्याला एफवायबीएच्या वर्गात बसल्यावर कळलं. तेव्हा दार बंद झालेलं होतं. ते दार दहावीच्या निकालाच्या आठवड्यात उघडं होतं, पण त्या आठवड्यात त्याला सांगणारा कोणी नव्हता.

दुसरी मराठी शाळेतून आलेली. कॉलेजात सगळं इंग्रजीतून चाललेलं. तिने न समजता पाठ करून इंग्रजीत पेपर लिहिले आणि नापास झाली. मुंबई विद्यापीठात बीएचे पेपर मराठीत लिहिता येतात, हे तिला नंतर कळलं. तिसऱ्याला भारत सरकारच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म कधी भरायचा ते माहीत नव्हतं. तारीख गेली, मग फी मागितली गेली, आणि घरात पैसे नव्हते. आज तो चित्रनगरीत सेटवर सामान उचलतो. चौथ्याचे दोन विषय राहिले. दोन विषय राहिले म्हणजे नापास, नापास म्हणजे घरी, असं समजून त्याने कॉलेज सोडलं. एटीकेटी म्हणजे पुढच्या वर्गात बसून राहिलेले विषय पुन्हा देता येतात, हे त्याला दोन वर्षांनी बसस्टॉपवर एका ओळखीच्या पोराने सांगितलं. तोपर्यंत तो वॉचमनच्या नोकरीला लागला होता.

शहरातल्या घरात ही दोन वाक्यं काका सांगतो, मोठी बहीण सांगते, सोसायटीतला कोणी साहेब सांगतो. त्यासाठी कुणाला पैसे द्यावे लागत नाहीत. आमच्या घरात सांगणारं माणूस नाही, कारण आम्हीच पहिले आहोत.

सल्ल्याचं दुकान कुणासाठी?

तुम्ही म्हणाल, मुंबईत सल्ला देणाऱ्यांची काय कमी? खरं आहे. जून आला की अंधेरी, पार्ले, घाटकोपर, मुलुंड, जिकडे तिकडे हॉलमध्ये करिअर मार्गदर्शनाची शिबिरं भरतात. पेपरात पानं येतात. यंदा आम्ही ठरवून अशा एका शिबिराला गेलो. बारावी झालेली चार पोरं सोबत नेली.

टेबलावरच्या सरांनी आमच्या पोराला विचारलं, तुझी आवड काय, छंद काय, वडील काय करतात? वडील भाजी लावतात आणि पावसाळ्यात भात करतात, असं त्याने सांगितलं. सरांनी विचारलं, कॅटेगरी? पोरगं म्हणालं, एसटी. सर हसून म्हणाले, "मग तुला कसली काळजी? तुमच्या सीटा तर रिकाम्या राहतात." आणि पुढचा नंबर बोलावला. सर वाईट माणूस नव्हते. त्यांना खरंच वाटत होतं, की आरक्षण आहे म्हणजे आमचा प्रश्न सुटलेला आहे. सीटा रिकाम्या का राहतात, हे त्यांनी कधी कुणाला विचारलं नसावं.

या मार्गदर्शनाचा इतिहास आम्ही वाचनालयात बसून थोडा वाचला. तो आपल्या कामाचा आहे. पारशी समाज मुंबईत मूठभर. पण १९४७ साली त्यांच्या पंचायतीने आपल्या पोरांना कुठलं शिक्षण घ्यावं, कुठला धंदा धरावा हे सांगायला स्वतःचं व्यवसाय मार्गदर्शन केंद्र काढलं. त्यांच्याकडे पैसा होता, शाळा होत्या, वकील-डॉक्टर घराघरात होते. तरी त्यांना वाटलं, की पोरांना नशिबावर सोडून चालणार नाही. पुढे १९५० मध्ये मुंबई सरकारने असंच एक सरकारी केंद्र सुरू केलं. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने शाळाशाळांत मार्गदर्शन करणारे शिक्षक नेमा असं सांगितलं. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने मार्गदर्शन हा शिक्षणाचाच भाग आहे आणि ते प्राथमिक शाळेपासून सुरू झालं पाहिजे असं लिहिलं. म्हणजे ही गोष्ट नवी नाही. आम्ही ज्या शाळांत शिकलो तिथे आम्हाला असा शिक्षक भेटला नाही, एवढंच.

आता यातलं एक साल लक्षात ठेवा. १९५०.

त्याच सालचा कागद

ज्या साली सरकारने मुंबईत पोरांना वाट दाखवायचं ऑफिस उघडलं, बरोबर त्याच सालच्या आधीचा कागद आज आमच्या पोरांकडे मागितला जातो. अनुसूचित जमातींची यादी राष्ट्रपतींनी ६ सप्टेंबर १९५० ला काढली. म्हणून जमातीचा दाखला आणि त्याची पडताळणी, ज्याला सगळे व्हॅलिडिटी म्हणतात, त्यासाठी त्या तारखेच्या आधीपासून तुमचं कुटुंब इथलं आणि त्या जमातीचं आहे हे दाखवावं लागतं.

१८ ऑक्टोबर २००१ पासून जातीच्या दाखल्यांचा कायदा राज्यात लागू झालाय. त्यात पुराव्याचं ओझं दाखला मागणाऱ्यावर आहे. हा कायदा वाईट आहे असं आम्ही म्हणत नाही. खोटे आदिवासी बनून आपल्या सीटा आणि नोकऱ्या खाणाऱ्यांना रोखा, ही मागणी आपलीच आहे. खोटा दाखला घेणाऱ्याला या कायद्यात कैदेची शिक्षा आहे, ती झालीच पाहिजे. पण चोरासाठी लावलेलं कुलूप घरच्यालाच उघडत नसेल, तर त्याबद्दल बोलावं लागेल.

आपल्या एका पोरीचं सांगतो. नाव लिहीत नाही, तिची तशी इच्छा नाही. ती आपल्या पाड्यातली पहिली सायन्सची पोर. कंदिलावर अभ्यास करून बारावीला चांगले मार्क आणले. राखीव जागेवर नंबर लागला. मग सांगितलं गेलं, व्हॅलिडिटी आणा. ती आणि तिची आई एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत सहा आठवडे हेलपाटे घालत होत्या. एका टेबलावर म्हणाले, आजोबांचा शाळेचा दाखला आणा. आजोबा शाळेत गेले नव्हते. म्हणाले, मग सातबारा आणा. सातबारा सरकारच्या नावावर. म्हणाले, मग तुम्ही इथले कशावरून? आईचा रोज बुडाला, प्रवेशाची तारीख गेली. आज ती पोर एका बंगल्यात लहान मूल सांभाळते.

तिला एक गोष्ट कुणीच सांगितली नाही, आणि ती आम्हालाही तेव्हा माहीत नव्हती. मेडिकलच्या प्रवेशावरून गेलेल्या एका खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९९४ साली या पडताळणीची सगळी पद्धत घालून दिली. त्यात तीन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. एक, प्रवेश घ्यायच्या निदान सहा महिने आधी पडताळणीचा अर्ज करायचा. दोन, समितीने चौकशी होता होईल तेवढी लवकर, दोन महिन्यांच्या आत संपवायची. तीन, चौकशी लांबली आणि प्रवेशाची शेवटची तारीख जवळ आली, तर आधीच्या दाखल्यावर किंवा प्रतिज्ञापत्रावर तात्पुरता प्रवेश द्यायचा, पुढे निकाल येईल तसं बघायचं. ही तिसरी गोष्ट लिहून घेऊन ती पोर प्राचार्यांपुढे उभी राहिली असती, तर निदान भांडता तरी आलं असतं. तिच्या हातात रिकामी पिशवी होती.

म्हणून आम्ही म्हणतो, की आमच्या पोराला पहिला सल्ला "तुझी आवड काय" हा नको. पहिला सल्ला हवा, की नववीत असतानाच जमातीचा दाखला काढ आणि बारावीच्या वर्षी दिवाळीनंतर लगेच पडताळणीचा अर्ज टाक. आवड त्यानंतर.

सातबाऱ्यावर आपण का नाही?

आता या कागदाचा आणि जमिनीचा संबंध बघा. आजोबांच्या नावाचा सातबारा का नाही? आजोबा इथे नव्हते म्हणून? विहार तलाव १८६० ला बांधून झाला. आपल्या म्हाताऱ्यांनी आपल्या म्हाताऱ्यांकडून त्याच्या आधीच्या गोष्टी ऐकल्यात. आरेची दूध वसाहत १९४९ ला आली, तेव्हा पाडे होते. गुरांच्या गोठ्यांना नंबर मिळाले, युनिट मिळाली, आपल्या घरांना नंबर मिळाला नाही. १९७७ ला चित्रनगरी आली, तेव्हाही पाडे होते. नॅशनल पार्क वाढत गेला आणि त्याची हद्द आपल्या अंगणातून गेली. १९९५ ला हायकोर्टात याचिका झाली, मे १९९७ ला पार्कातली अतिक्रमणं हटवायचा आदेश आला, आणि जंगल तोडून चाळी बांधणारा आणि जंगलात जन्मलेला, दोघेही एकाच यादीत आले.

सरकारच्या कागदात आपण कधी मजूर होतो, कधी अतिक्रमण. रहिवासी असं कुणी लिहिलं नाही. जमिनीच्या कागदावर नाव नाही, म्हणून जमातीच्या कागदाला पुरावा नाही. जमातीचा कागद नाही, म्हणून कॉलेजात सीट नाही. आणि कॉलेजात कोणी गेलं नाही, म्हणून जमिनीचा कागद वाचणारा, मोजणीचा नकाशा समजणारा, कोर्टात उभा राहणारा आपला माणूस नाही. आपण या चक्रात फिरतोय. ३ मे च्या पत्राचा अर्थ आपल्याला बाहेरच्या वकिलांनी समजावला. त्यांचे उपकार आहेत. पण किती वर्षं?

पवईची आयआयटी १९५८ साली सुरू झाली. तलावाच्या एका बाजूला आपले पाडे, दुसऱ्या बाजूला ती. तिथे आदिवासींसाठी जागा राखून असतात. परीक्षेत थोडक्यात मागे राहिलेल्या आपल्या मुलांना एक वर्ष तयारी करून घेऊन मग प्रवेश द्यायची सोयही आहे. भिंतीपलीकडची ही माहिती भिंतीअलीकडे किती जणांना आहे? आपल्या बायका तिथल्या वसाहतीत धुणीभांडी करायला रोज जातात. पण त्या वाटेने माहिती येत नाही.

आमचीही चूक

दुसऱ्याकडे बोट दाखवून थांबणं बरोबर नाही. गेल्या वर्षी पाड्यातला एक पोरगा डिप्लोमाचा फॉर्म भरायला निघाला होता. त्या दिवशी मोर्चा होता. आम्हीच त्याला म्हणालो, "फॉर्म उद्या भर, आज माणसं कमी पडतील." तो आला, पुढे उभं राहून घोषणा दिल्या. दुसऱ्या दिवशी खिडकी बंद होती. शेवटची तारीख तीच होती. तो आम्हाला काही बोलला नाही. अजूनही मोर्चाला येतो. पण त्याच्या आईने आम्हाला विचारलं, "तुमच्यातल्या कुणाचं वर्ष गेलं का?" याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. हे इथे लिहितोय, कारण अशी चूक संघटनेत पुन्हा होऊ नये.

आपले काही जुने साथी म्हणतात, शिकलेलं पोरगं पाड्याचं राहत नाही. नोकरी लागली की विरारला, बदलापूरला खोली घेतं, आडनाव बदलतं, लग्नालासुद्धा येत नाही. शिक्षणाने लढाऊ माणूस कमी होतो. त्यांच्या बोलण्यात दुःख आहे आणि ते काही खोटं नाही. अशी दोन-तीन उदाहरणं आपल्या सगळ्यांना माहीत आहेत. पण काका, ती पोरं एकटी शिकली. एकट्याने फॉर्म भरले, एकट्याने अपमान गिळले, कॉलेजात जात लपवली. पाड्याने त्यांना काही दिलं नाही, म्हणून त्यांनाही पाड्याला काही द्यावंसं वाटलं नाही. पाडा त्यांच्या मागे उभा असता तर? निदान करून तरी बघू.

उलट्या बाजूनेही एक सावधगिरी हवी. आपल्याला वकील हवा, म्हणून प्रत्येक हुशार पोराला वकील व्हायला लावायचं, हेही चूक. ती पोर नर्स होईल, तो पोरगा कॅमेऱ्याचं काम शिकेल, कुणी गणितच शिकत बसेल. वाट दाखवायची, हाकायचं नाही. आजवर आम्हाला बाहेरच्यांनी हाकलं, की तुमच्यासाठी आयटीआय बरं, पोलीस भरती बरी, ड्रायव्हर व्हा. यातलं कुठलंच काम हलकं नाही. पण यापलीकडचं तुमच्यासाठी नाहीच, असं धरून दिलेला सल्ला हा सल्ला नव्हे.

म्हातारीजवळ बसा

पडताळणीची अजून एक बाजू आहे. कागद कमी पडला की चौकशी होते. तुमचा देव कोणता, लग्न कोण लावतं, मयताला काय करता, बोली कशी, असं विचारतात. वाडा-जव्हारकडच्या पोराला हे विचारलं तर तो सांगेल. आमची पोरं शहरात वाढली. घरात मराठी-हिंदी, शाळेत मराठी, टीव्हीवर हिंदी. लग्नात धवलेरी कोणती गाणी म्हणते, चौकात कोणती देवी मांडतात, हिरवा देव आणि वाघदेव कुठे असतात, हे न सांगता आल्यामुळे खऱ्या वारल्याच्या पोरावरही संशय येतो. आधी शहर अंगावर आणून आमची रीत पुसायची आणि मग ती आठवत नाही म्हणून आम्हालाच खोटं ठरवायचं, हा कुठला न्याय? यावर भांडू. पण भांडता भांडता पोरांनी आजीजवळ बसून हे ऐकून, वहीत लिहून ठेवावं. नुसतं चौकशीसाठी नको, ते आपलंच आहे म्हणून.

काय करायचं?

आमची सूचना साधी आहे. दर रविवारी सकाळी एका पाड्यात एक टेबल मांडायचं. आरेत एक, नॅशनल पार्कच्या बाजूला एक, मुलुंड-भांडुपकडे एक. टेबलावर आमच्यातले दोघे बसतील. आम्ही काही मोठे शिकलेले नाही. पण जिथे जिथे आम्ही अडखळलो, त्या जागा आम्हाला पाठ आहेत. टेबलावर ही कामं होतील :

१) घराघरातले कागद गोळा करून प्रत्येक कुटुंबाची एक पिशवी बांधणे. आजोबा, चुलत आजोबा, आत्या, कुणीही शाळेत गेलं असेल तर त्या शाळेच्या रजिस्टरचा उतारा. जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, म्हणजे गाव नमुना १४, ज्याला कोतवाल बुक म्हणतात. जुनी रेशनकार्डं. वन खात्याने लाकडासाठी, गुरांसाठी केलेल्या दंडाच्या जुन्या पावत्यासुद्धा फेकू नका. आजोबा त्या साली इथेच होते हे सरकारनेच त्यावर लिहून दिलंय. हीच पिशवी जमिनीच्या दाव्याला लागेल आणि हीच पोराच्या प्रवेशाला.

२) डहाणू, तलासरी, पालघर, शहापूरकडे वडिलांच्या बाजूचे नातेवाईक असतील आणि त्यातल्या कुणाची व्हॅलिडिटी झाली असेल, तर तिची नक्कल आणणे. रक्ताच्या नात्यातला दाखला मोठा आधार असतो. सुट्टीत लग्नाला जाता, तेव्हा हेही काम करा.

३) आठवी-नववीच्या पोरांना पुढच्या वाटा समजावणे. सायन्स सोडलं की काय काय बंद होतं, गणित सोडलं की काय बंद होतं. दहावीनंतर डिप्लोमा केला तर तिथून इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. कायद्याचं शिक्षण बारावीनंतर पाच वर्षांचं, पदवीनंतर तीन वर्षांचं. आयटीआयमध्ये सर्व्हेअर आणि ड्राफ्ट्समनचंही शिक्षण असतं, नुसतं फिटरचं नाही.

४) कॉलेजात असलेल्यांची दर महिन्याला बैठक. शिष्यवृत्तीचा फॉर्म गेला का, विषय कोणते घेतले, पेपर कुठल्या भाषेत लिहिणार, कुणी जातीवरून बोललं का. ज्याला एटीकेटी लागली त्याला घरी बसू द्यायचं नाही.

५) ज्यांचं सुटलं, त्यांना परत जोडणे. मुंबई विद्यापीठाची दूरशिक्षण संस्था १९७१ पासून आहे. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे, आणि बारावी न झालेल्यालाही २००२ साली तिथे तयारीचा वर्ग करून पदवीला जाता येत होतं. काम करत करत शिकता येतं. आमच्यातले दोघे यंदा फॉर्म भरणार आहेत. हे इथे छापलं, म्हणजे आता मागे हटता येणार नाही.

६) संघटनेच्या मोर्चा-मीटिंगची तारीख ठरवताना परीक्षा आणि फॉर्मच्या तारखा आधी बघायच्या. पोरांना मोर्चाला जरूर आणा, पण खिडकी बंद व्हायच्या दिवशी नको.

आणि सरकारकडे आपल्या मागण्या. उपनगर जिल्ह्यात अंधेरी, बोरिवली, कुर्ला असे तीनच तालुके आहेत. तिन्ही तहसील कचेऱ्यांनी जूनच्या आधी पाड्यात येऊन जमातीच्या दाखल्यांचं शिबिर घ्यावं. निवडणुकीत मतदानाची पेटी पाड्यापर्यंत येते, तसा दाखला देणारा साहेबही यावा. ज्यांच्या आजोबांना शाळाच मिळाली नाही, त्यांच्याकडून शाळेचा कागद मागू नये. पाड्यातल्या म्हाताऱ्यांचा जबाब आणि जागेवरची पाहणी पुरावा म्हणून घ्यावी. पडताळणी समितीने कोर्टाने सांगितलेल्या मुदतीत काम संपवावं, आणि उशीर समितीचा असेल तर वर्ष पोराचं जाऊ नये. उपनगरातल्या प्रत्येक कॉलेजने आदिवासी विद्यार्थ्यांसाठी एक शिक्षक नेमावा, ज्याला शिष्यवृत्ती, दाखला, वसतिगृह आणि विषय यांची माहिती असेल. आणि ३ मे चं पत्र आदिवासी पाड्यांना लागू करू नये. राहत्या घरावर नोटीस लागलेलं पोर परीक्षेला बसू शकत नाही, हे कळायला कुठल्या आयोगाची गरज नाही.

शेवटी आयांना आणि बाबांना एक विनंती. पोरगं पास झालं की "आता तुझं तू बघ" असं म्हणू नका. तुम्हाला कॉलेजातलं काही कळत नाही हे आम्हाला माहीत आहे. आम्हालाही अर्धंच कळतं. पण त्याच्याबरोबर कचेरीत जा. पोरगं एकटं गेलं तर त्याला उद्या ये म्हणतात. सोबत दहा माणसं असली की खुर्ची देतात. हे आपण जमिनीच्या लढाईतच शिकलो.

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता पहिलं टेबल मांडतोय. ज्या घरात नववी ते बारावीचं पोर आहे, त्या घराने पत्र्याच्या पेटीत, फोटोच्या मागे, तांदळाच्या डब्यात जे काही जुने कागद असतील ते घेऊन यावं. फाटका असला तरी चालेल. वाचता येत नसला तरी चालेल. आपण मिळून वाचू.

जिंदाबाद!

— पाड्यांतील तरुण कार्यकर्ते